आई तुळशीपाशी असते: लग्नाची फोटोग्राफी करताना स्वतःची नजर आणि धंदा कसा बसवायचा

मंगलाष्टकं सुरू झाली की हॉलमधले सगळे कॅमेरे अंतरपाटाकडे वळतात. व्हिडिओवाला, दोन्ही बाजूंचे कॅन्डिडवाले, शिवाय शे-दोनशे मोबाइल. त्याच वेळी काही घरांत नवरीची आई तिथं नसते. लेकीवर पडणाऱ्या अक्षता आईनं बघायच्या नाहीत अशी त्यांची रीत असते. ती तुळशीला पाणी घालत उभी असते, नाहीतर गौरीहराच्या खोलीत बसलेली असते, आणि ‘सावधान’ तिला फक्त लाउडस्पीकरवरून ऐकू येतं.

पहिली तीन वर्षं मला हे माहीत नव्हतं, कारण त्या वेळी मी कधी मागं वळून पाहिलंच नव्हतं. चौथ्या वर्षी सांगलीतल्या एका लग्नात ऐन वेळी फ्लॅशचे सेल संपले. दुसरे आणायला मागच्या खोलीकडे पळाले, तर दारातल्या तुळशीपाशी नवरीची आई दिसली. हातात तांब्या, डोळे मिटलेले, ओठ मंगलाष्टकांबरोबर हलत होते. मी दोन फोटो काढले आणि परत पळाले. त्या घरानं अल्बमची चाळीस पानं पाहिली आणि भिंतीवर लावण्यासाठी मोठा करून मागितला तो त्या दोनांतला एक.

लग्नाच्या फोटोग्राफीत स्वतःची शैली म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळायला लागलं. इतर सगळे एकीकडे बघत असताना तुम्ही कुणाकडे बघता, ती तुमची शैली. दर, करार, अल्बम, जाहिरात हे सगळं त्या नजरेभोवती बसवावं लागतं. ज्यांनी पाच-दहा ऑर्डरी केल्या आहेत आणि आता हेच काम पोटापाण्याचं करायचं आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे.

आधी आपलेच फोटो जमिनीवर मांडा

प्रीसेट, म्हणजे फोटोंना एका क्लिकवर ठरावीक रंग देणारी तयार सेटिंग, विकत घेऊन शैली येत नाही. यंदाचा फिकट तपकिरी रंग दोन वर्षांनी जुना दिसतो, आणि अल्बम तर पन्नास वर्षं कपाटात राहणार असतो.

शेवटच्या पाच ऑर्डरींमधून प्रत्येकी तीस फोटो निवडा. ग्राहकाला आवडलेले नकोत, तुम्हाला आवडलेले हवेत. जवळच्या लॅबमध्ये चार बाय सहाच्या साध्या प्रिंट काढा. एवढा खर्च कराच, कारण स्क्रीनवर हे काम होत नाही. घरातली फरशी मोकळी करा आणि तीन ढीग लावा: हा फोटो माझाच आहे, हा कुणीही काढला असता, हा मी कुठंतरी पाहून तसाच काढला. तिसरा ढीग मोठा निघेल. माझा दीडशेपैकी ऐंशीच्या घरात गेला होता आणि मला रात्रभर झोप लागली नव्हती.

पहिल्या ढिगाकडे मात्र दोन-तीन दिवस पुन्हा पुन्हा बघा. माणसं किती अंतरावर आहेत? उजेड कुठून येतोय? कोण दिसतंय, तरुण की म्हातारी? विधीच्या आधीचा क्षण जास्त आहे की नंतरचा? माझ्या ढिगात खिडकीचा उजेड होता, म्हाताऱ्या बायका होत्या, हात होते आणि थांबलेली माणसं होती. मग एक वाक्य लिहा, मराठीतच लिहा. माझं होतं, ‘लग्नघरात वाट बघणारी माणसं’. मी कुठं उभी राहते, अल्बमचं पहिलं पान कोणतं ठेवते आणि कोणती ऑर्डर घेत नाही, हे आजही मी त्या वाक्यावरून ठरवते.

त्यानंतर हात बसवायचा सराव. पुढच्या तीन ऑर्डरींत सकाळचा पहिला तास एकाच लेन्सवर काढा, ३५ मिमी असेल तर उत्तम. म्हणजे झूम फिरवण्याऐवजी तुम्ही पावलं टाकाल. दुसरा सराव जरा कठीण आहे. होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या आणि देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. त्या ज्या रोलायफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यांवर काम करायच्या, त्यात १२० च्या रोलवर फक्त १२ चौकोनी फोटो बसत. घरच्या एखाद्या बारशाला जा, तासाभरात बाराच फोटो काढा आणि घरी येईपर्यंत स्क्रीन बघू नका. बोट दाबण्याआधी थांबायची सवय यातून लागते. पैसे घेतलेल्या ऑर्डरीवर हा प्रयोग करू नका.

विधी पाठ हवा

मराठी लग्नातले सर्वांत सुंदर क्षण सेकंद-दोन सेकंदांचे असतात आणि त्यांची पूर्वसूचना फक्त विधी जाणणाऱ्याला मिळते. म्हणून मी ऑर्डर घेतली की केळवणाला एकदा तरी जाते. कॅमेरा बॅगेतच ठेवते, पानावर बसून जेवते आणि घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईंना विचारते, “आजी, तुमच्यात कसं असतं?” त्या एका प्रश्नावर अर्धी वही भरते. देवक कोण बसवतं, गौरीहराला कोणती साडी, मंगलाष्टकं कोण म्हणणार, नवरीची आई त्या वेळी कुठं असणार, सूनमुख कुठं बघणार. जातीगणिक, गावागणिक, कधी कधी भाऊबंदागणिक उत्तर बदलतं. बौद्ध पद्धतीच्या लग्नात पांढरी वस्त्रं, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, त्रिशरण-पंचशील हा गाभा असतो. तिथं अंतरपाट शोधत फिरणारा फोटोग्राफर त्या घराचा अपमान करतो. आगरी-कोळ्यांच्या हळदीची रात्र लग्नाइतकीच मोठी असते, तिला ‘छोटा कार्यक्रम’ समजून एकच माणूस पाठवू नका.

गौरीहरापाशी नवरी एकटी बसलेली असते, हातात अक्षता, समोर अन्नपूर्णा. सगळ्या लग्नात तिला मिळणारी ही एकमेव शांत वेळ. मी खोलीतले सगळे दिवे बंद करायला सांगते, खिडकी उघडते आणि दहा मिनिटं एका कोपऱ्यात बसून राहते. “ताई, बघा इकडे” असं एकदाही म्हणत नाही. मग मामा येतो. मामा दारात उभा राहतो तेव्हा त्याचा चेहरा दिसेल अशी जागा आधीच धरून ठेवा. तिला बोहल्यावर न्यायला आलेला माणूस लहानपणी तिला कडेवर घेऊन हिंडलेला असतो.

अंतरपाटासाठी गुरुजींशी आधी बोला. मी पाया पडते आणि सांगते, “गुरुजी, अंतरपाट धरला की मी तुमच्या डाव्या हाताला खाली बसेन, मध्ये उभी राहणार नाही. काढायच्या आधी माझ्याकडे एकदा बघाल का?” बहुतेक गुरुजी म्हणतात, “बस गं पोरी, पण होमाच्या वेळी बाजूला हो.” तेवढं पुरतं. अंतरपाट दूर होताना दोघांचा एकमेकांकडे बघण्याचा क्षण एका कॅमेऱ्यात बसत नाही. एक माणूस नवरीच्या चेहऱ्यावर, दुसरा नवऱ्याच्या. आणि सेकंड शूटर, म्हणजे सोबतीचा दुसरा फोटोग्राफर, असेल तर मंगलाष्टकांची पहिली पाच मिनिटं त्याला आईकडे पाठवा, शेवटच्या अष्टकाला परत बोलवा.

कानपिळीला नवरीच्या भावाच्या मागं उभं राहा, म्हणजे नवऱ्याचा चेहरा आणि पिळणारा हात दोन्ही मिळतात. झालीच्या वेळी डोक्यावर धरलेल्या दुरडीतल्या दिव्यांचा उजेड वरून पडतो, तेव्हा फ्लॅश बंद ठेवा. माप ओलांडताना नवरीच्या आधी घरात शिरा आणि उंबऱ्याच्या आत जमिनीवर बसा. तांदूळ सांडतो तो एक सेकंद बाहेरून कधीच दिसत नाही, समोर सगळ्यांच्या पाठी असतात.

हॉलचा उजेड

मंगल कार्यालयातला उजेड हा आपल्या कामातला सर्वांत मोठा त्रास आहे आणि त्यावर रडून उपयोग नाही. आदल्या दिवशी, निदान विधींच्या दोन तास आधी, जाऊन पाहा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण फोटोवर आडवे पट्टे येतात. शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवला की बहुतेक पट्टे जातात. मिररलेस (आरसा नसलेला) कॅमेरा वापरणाऱ्यांनी अशा हॉलमध्ये सायलेंट, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नये. स्टेजमागच्या एलईडी वॉलचा वेग वेगळा असतो, तिथं चाचणीचे दहा फोटो काढून मोठे करून बघा. उडत्या अक्षता गोठवायला १/५०० च्या आसपास लागतं. तेव्हा पट्टे येत असतील तर अक्षता थोड्या पुसट राहू द्या. मला त्या तशा आवडतातही.

जांभळा-निळा पार लाइट, म्हणजे स्टेजवरचा रंगीत झोत, चेहऱ्यावर पडला की तो नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं दुरुस्त होत नाही, कारण त्या उजेडात बाकीचे रंग जवळपास नसतातच. डेकोरेशनवाल्या दादांशी गोड बोला. “विधी होईपर्यंत फक्त पिवळे दिवे ठेवा दादा, रिसेप्शनला काय हवं ते लावा” असं म्हटलं तर ते ऐकतात. हळदीचा कार्यक्रम मोकळ्या सावलीत घ्यायला सांगा. पिवळ्या कापडाच्या मांडवाखाली पिवळ्या साडीतली सगळी माणसं काविळीची दिसतात. व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे कॅमेऱ्यातले रंग जुळवणं, हातानं ठरवा आणि तो पूर्ण कार्यक्रमभर बदलू नका.

नथ डाव्या नाकपुडीत असते. नवरीचा तीन-चतुर्थांश चेहरा तिच्या डाव्या बाजूनं घेतला तर ती पूर्ण दिसते. पैठणीची जर लवकर पांढरी फटक पडते, म्हणून उजेड जरीवर मोजा आणि चेहऱ्याचा उजेड नंतर रंगकामात वाढवा. साडीचा रंग जसाच्या तसा आला पाहिजे. ज्या साडीसाठी घरातल्या पाच बायका चार दुकानं हिंडल्या, तिचा मोरपंखी रंग तुम्ही राखाडी करून द्यायचा नाही.

आणि सावळ्या मुलीला गोरी करू नका. काही घरांतून तसं सांगतात. मी नाही म्हणते आणि कारणही सांगते: “काकू, वीस वर्षांनी तिची मुलगी हा अल्बम बघेल, तिला आपली आई ओळखू आली पाहिजे.” या एका मुद्द्यावर माझ्या दोन ऑर्डरी गेल्या. त्या गेल्याचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

घरच्यांचे गटाचे फोटो

कॅन्डिडच्या नादात स्टेजवरच्या फोटोंना कमी लेखू नका. आजोबांना नातवंडं-पतवंडं एका फोटोत हवी असतात, आणि तोच फोटो पुढं घराच्या भिंतीवर लागतो. आठवडाभर आधी यादी घ्या, वीस-पंचवीस गट. मोठ्या आवाजाचा एक मामा किंवा आत्या मदतीला मागून घ्या, कारण कोण कुणाची जाऊ हे तुम्हाला कळणार नाही. म्हाताऱ्यांचे गट सर्वांत आधी उरका, त्यांना जेवायला जायचं असतं.

दर ठरवताना

बहुतेक नवे फोटोग्राफर गावातला चालू दर विचारतात आणि त्यातून पाच हजार कमी करतात. तसं करू नका, आपला हिशेब कागदावर मांडा. उदाहरण म्हणून एक दोन दिवसांची ऑर्डर घेऊ. समजा तुमची यंत्रसामग्री पाच लाखांची आहे आणि ती चार वर्षं चालेल, म्हणजे वर्षाला सव्वा लाख. वर्षात पंचवीस ऑर्डरी धरल्या तर दर ऑर्डरीला ५,००० रुपये. सेकंड शूटर दोन दिवस १०,०००, लाइटमन ३,०००, प्रवास आणि राहणं ४,०००, अल्बम १२,०००, हार्ड डिस्क २,५००. जागा, वीज, सॉफ्टवेअर, विमा मिळून ६,०००. बेरीज ४२,५०० रुपये.

आता दिवस मोजा. शूटिंगचे दोन, निवड आणि रंगकामाचे सहा, अल्बमच्या मांडणीचे दोन, भेटीगाठींचा एक. एकूण अकरा. तुम्ही ६०,००० रुपये घेतले तर उरले १७,५००, म्हणजे दिवसाला १,६०० रुपयेही नाहीत. पंचवीस ऑर्डरींचे दिवस होतात २७५. याहून जास्त ऑर्डरी घ्यायला वर्षात दिवसच उरत नाहीत, आणि महिन्याला हातात पडतात साधारण ३६,५०० रुपये, तेही कर भरण्याआधी. तुमचे आकडे वेगळे असतील, पण बेरीज अशीच करा. ती एकदा केली की “एवढे कशाला हो?” या प्रश्नाला तुम्ही न चिडता उत्तर देऊ शकता.

माझा सल्ला असा की सुरुवातीला दर कमी करण्यापेक्षा काम कमी करा. एक दिवस, एक माणूस, छोटा अल्बम, पण रंगकाम आणि छपाई उत्तम. प्री-वेडिंग, ड्रोन, क्रेन, टीझर असं सगळं एका पॅकेजात कोंबलं की तुमची नजर त्या गर्दीत हरवते. ड्रोन घेतलाच तर उडवणाऱ्याला त्याचे कागद विचारा. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवायला रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं, आणि विमानतळांच्या आसपासच्या भागांत वेगळी परवानगी.

कागदपत्रांचं फारसं भय बाळगू नका. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, ऑनलाइन आणि फुकट होते. महाराष्ट्रात दुकान कायद्याखाली, ज्याला मुंबईत गुमास्ता म्हणतात, मोजकीच माणसं कामाला असतील तर ऑनलाइन सूचना पुरते. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते. पहिल्या वर्षापासूनच एखाद्या सीएला धरा आणि रोखीची नोंदसुद्धा ठेवा.

करार, आणि एक कलम जे सगळ्यांना माहीत हवं

बहुतेक फोटोग्राफर समजतात की फोटो मी काढला म्हणजे हक्क माझा. आपल्या कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ मध्ये तसं नाही. पैसे देऊन कुणी सांगितल्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो सांगणारा असतो. म्हणजे काहीच लिहून घेतलं नसेल तर लग्नाचे फोटो त्या घराचे. हे मला न्याय्यच वाटतं, पण तुम्हाला ते संकेतस्थळावर, स्पर्धेत किंवा इन्स्टाग्रामवर वापरायचे असतील तर करारात तशी परवानगी घ्या. मी तीन पर्याय ठेवते: सगळे वापरा, फक्त निवडलेले वापरा, काहीच वापरू नका. तिसऱ्या पर्यायाला मी जादा पैसे लावत नाही.

करार दोन पानी पुरे, मराठीत, मुलीच्या वडिलांना वाचता येईल असा. किती तास, किती माणसं, किती फोटो, अल्बमची किती पानं, किती दिवसांत. पैसे तीन टप्प्यांत: विसार म्हणून तीस टक्के, हळदीच्या आदल्या दिवसापर्यंत साठ, अल्बम हातात देताना दहा. लग्नाचा दिवस उलटला की मोठी रक्कम वसूल होत नाही. मुलीकडचे आणि मुलाकडचे दोघं मिळून पैसे देणार असतील तर कुणाचा वाटा किती, हेही लिहून घ्या.

लग्न पुढं ढकललं तर काय, हे कलम मी २०२० नंतर घातलं. त्या वर्षी टाळेबंदी लागली आणि एप्रिल-मेच्या माझ्या सगळ्या तारखा गेल्या. विसार परत द्यायचा की नाही, कुठंच लिहिलेलं नव्हतं. शेवटी मी तो नव्या तारखेवर वळता केला. मग पन्नास माणसांची लग्नं सुरू झाली, अंगणात, गच्चीवर, आजोळच्या सोप्यात. पैसा कमी मिळाला, पण माझे सर्वांत चांगले फोटो मी त्या काळात काढले.

डेटा

२०१६ साली माझं एक कार्ड गेलं. साखरपुड्याचे सगळे फोटो. कॅमेऱ्याला एकच स्लॉट होता आणि कार्ड जुनं होतं, दोन्ही दोष माझे. मी त्यांच्या घरी जाऊन सांगितलं आणि सगळे पैसे परत केले. त्या मुलीचे वडील साखरपुड्यानंतर महिन्याभरात वारले होते. यापुढचं मला लिहिता येत नाही.

म्हणून दोन स्लॉटचा कॅमेरा, दोन्ही कार्डांवर एकाच वेळी नोंद; असा कॅमेरा हाती येईपर्यंत दुसरी कसलीही लेन्स घेऊ नका. विधी संपले की हॉलमध्येच एका डिस्कवर प्रत काढा. ती प्रत आणि कार्डं एकाच गाडीतून न्यायची नाहीत, एक वस्तू सेकंड शूटरकडे द्या. घरी दुसरी डिस्क, तिसरी प्रत क्लाउडवर. तिन्ही उघडून पाहिल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही.

काम कुठून येतं

इन्स्टाग्राम लागतं, मीही वापरते. तिथं शंभर फोटो टाकण्यापेक्षा एका लग्नातले पंधरा क्रमानं टाका आणि खाली मराठीत चार ओळी लिहा, कोण, कुठलं घर, काय चाललंय. पुण्यातली आणि परदेशातली मराठी मुलं तेच वाचून संपर्क करतात. परदेशातल्या मुलांची लग्नं बहुधा डिसेंबर-जानेवारीच्या सुटीत असतात, बोलणं सहा-आठ महिने आधी होतं आणि निर्णय मुलांचा असला तरी इथले आई-वडील समाधानी व्हावे लागतात. त्यांना स्क्रीनवरचं काही दाखवू नका, छापलेला अल्बम घेऊन घरी जा.

माझं निम्म्याहून जास्त काम मात्र ओळखीतून येतं, आणि ती ओळख चातुर्मासात होते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते आणि दाट तिथींना श्वास घ्यायला वेळ नसतो. आषाढात ती थांबली की ज्या घरांत लग्न केलं त्यांना फोन करा. डोहाळजेवण असेल, बारसं असेल. दोन तासांचं काम, माफक दर, सोबत वीस पानांचं छोटं पुस्तक. एकाच घराची मुलगी, मग सून, मग नातू असे तीन अल्बम माझ्या हातून झाले आहेत. तिथं आता मला कुणी दर विचारत नाही, फक्त तारीख विचारतात.

तारखांचं म्हणाल तर दिवाळीच्या आधीच पुढच्या वर्षाचं पंचांग आणा आणि मुहूर्तांचं पान कॅलेंडरवर उतरवून घ्या. अधिक महिना आणि गुरू-शुक्राचे अस्त वेगळ्या रंगानं रंगवा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून आहे, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला महिना रिकामा आणि एप्रिलवर सगळा ताण. अशा वर्षी एप्रिलच्या सेकंड शूटरना जानेवारीतच विसार देऊन ठेवा, आणि अल्बम देण्याचे वायदे त्या मोकळ्या महिन्यातले करा.